पडलेलं झाड उचलायचं नाही: राखीव जंगलांविषयी प्रश्नोत्तरे

राष्ट्रीय उद्यानात मोठमोठी झाडं पडून कुजत होती. एवढं लाकूड वाया जातंय हे बघवेना. निदान वाळलेलं तरी उचलायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी वाटेच्या कडेचं असं एखादं खोड निवडा आणि त्याच्याशेजारी दहा मिनिटं उकिडवे बसा. साल सुटली असेल तिथे आत वळणावळणाच्या नळ्या कोरलेल्या दिसतील. त्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी पोखरलेल्या असतात. अळ्यांच्या मागावर सुतारपक्षी येतो, त्याने पाडलेली भोकं लगेच ओळखू येतात. खालच्या ओलसर अंगाला बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले असतात, लाकूड मऊ पडतं ते त्यांच्यामुळे. खोड पुरेसं जुनं असेल तर पाठीवर शेवाळ धरलेलं असतं आणि त्यात बोटभर उंचीची रोपं उभी असतात. दाट जंगलात पालापाचोळ्याच्या थरात बी गुदमरतं, कुजक्या खोडावर मात्र त्याला ओल मिळते आणि जरा उंचीही. म्हणजे तुम्ही जे लाकूड उचलाल त्याच्यासोबत पुढच्या पिढीची झाडंही जातील.

स्वित्झर्लंडने १९१४ साली आल्प्समध्ये राष्ट्रीय उद्यान केलं. तिथे पडलेलं झाड हलवत नाहीत, फूल तोडायचं नाही, आखलेली वाट सोडायची नाही, कुत्रासुद्धा न्यायचा नाही. त्यातलं बरंच जंगल आधीच्या काळात खाणी आणि लाकडासाठी तोडलेलं होतं. आपण हात काढून घेतल्यावर काय होतं ते पाहायचं, हाच ते राखण्यामागचा हेतू. लाकूड वाया जातं ते वखारीच्या हिशेबाने. जंगलाच्या हिशेबात ते कामालाच लागलेलं असतं.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, निसर्ग राखीव क्षेत्र... एवढी नावं कशाला?

देशोदेशीचे कायदे वेगळे, म्हणून नावंही वेगळी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, म्हणजे आययूसीएन, उद्देशावरून सहा प्रकार करते. पहिल्या प्रकारात अगदी कडक बंदोबस्त, संशोधकांनासुद्धा मोजकाच प्रवेश. राष्ट्रीय उद्यान दुसऱ्या प्रकारात येतं: अख्खी परिसंस्था राखायची आणि माणसांना ती पाहूही द्यायची. सहाव्या प्रकारात जंगलातून बेताने काही घेण्याची मुभा असते. फलकावरच्या नावापेक्षा तिथे कशाला मनाई आहे ते विचारा, जागा कशासाठी आहे ते त्यावरून कळतं.

वणवा लागला किंवा प्राणी उपाशी मरायला लागले तरी अधिकारी मध्ये पडत नाहीत, असं वाचलं. हा निर्दयपणा नाही का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि माझी उत्तरंही दोन आहेत.

आधी आग. १९८८ च्या कोरड्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आगीच्या कचाट्यात सापडला. आकाशातली वीज पडून लागलेली आग शक्यतो विझवायची नाही, असं तिथलं धोरण होतं. परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागली तसे हजारो जवान उतरवले गेले, तरी आग आवरली ती सप्टेंबरमधल्या पावसाने आणि बर्फाने. उद्यान संपलं, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. पण तिथलं मुख्य झाड लॉजपोल पाइन. त्यातल्या बऱ्याच झाडांचे शंकू राळेने चिकटून घट्ट मिटलेले असतात, नखाने खवला उचकटायला गेलात तरी हलत नाही. आगीची धग लागली की राळ वितळते, खवले उघडतात आणि बी मोकळ्या, ऊन लागणाऱ्या राखेवर पडतं. हे झाड आगीची वाट पाहत वर्षानुवर्षं बी सांभाळून ठेवतं. तिथली प्रत्येक आग विझवणं म्हणजे त्या झाडाच्या वाटेत उभं राहणं.

उपासमारीबद्दल मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ऊस्टफार्डर्सप्लासेन नावाचं राखीव क्षेत्र आहे. तिथे गुरं, घोडे आणि हरणं मोकळी सोडली होती. २०१७-१८ च्या हिवाळ्यात त्यातली तीन हजारांहून जास्त जनावरं गेली, बहुतेक उपासमारीने मरणारच म्हणून गोळी घालून मारावी लागली. लोकांनी कुंपणावरून गवताचे भारे आत टाकले. त्या लोकांची तडफड मला समजते. ‘निसर्गाला त्याचं काम करू द्या’ हे म्हणणं तिथे चुकीचंच होतं, कारण कुंपण माणसाने घातलेलं होतं. चाऱ्याच्या शोधात दूर जायची सोय नाही, संख्या आटोक्यात ठेवणारा लांडगा नाही. आपणच दार लावून घ्यायचं आणि आत जे मरतात त्याला निसर्गनियम म्हणायचं, हे मला पटत नाही. कळप मुळातच लहान ठेवायला हवे होते.

जंगल राखायचं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना उठवायचं, हा कुठला न्याय?

न्याय नाहीच. यलोस्टोन १८७२ साली ‘लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी’ राखलं गेलं आणि डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारी शोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांची एक शाखा काही वर्षांतच तिथून हटवली गेली. टांझानियातल्या सेरेंगेटीतून मसाई गुराख्यांना १९५९ साली बाहेर पाठवलं. या दोन्ही जागा निर्मनुष्य नव्हत्या, त्या निर्मनुष्य केल्या गेल्या.

शिवाय यात जंगलाचंही नुकसान होऊ शकतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये चराई बंद केली. म्हशी गेल्या तसं पाणथळीत गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्षी रोडावले. चराई कुठेही चालते असं यातून निघत नाही, जास्त झाली तर माळ उजाड होतो. पण कोणाची गुरं कुठे आणि किती महिने चरतात हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय बंदीचा कागद काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कधीच कुठल्या जंगलात जाणार नाही. मग मला त्याचा काय उपयोग?

यलोस्टोनच्या कढत झऱ्यांमध्ये १९६० च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना सत्तर अंश सेल्सियसला सुखाने वाढणारा जिवाणू मिळाला, थर्मस अॅक्वाटिकस. त्याचं उष्णतेला दाद न देणारं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर चाचणीचा, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याच्या पद्धतीचा, आधार झालं. कोविडच्या साथीत नाकातला स्वॅब प्रयोगशाळेत जायचा तो याच पद्धतीच्या चाचणीसाठी. झरे राखले तेव्हा हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरीही या हिशेबावर जंगल राखा, असं मी म्हणणार नाही. बहुतेक जिवांचा आपल्याला असा काही उपयोग होणार नाही, आणि त्यांनाही जागा हवीच आहे.

रस्ता जंगलाच्या एका बाजूने जातो, बाकी जंगल तसंच राहतं. मग एवढा विरोध का?

पनामा कालव्यासाठी नदी अडवली, पाणी चढलं आणि एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोराडो. १९२३ पासून ते राखीव आहे, झाडं तशीच उभी आहेत. तरी तिथले कितीतरी जातींचे पक्षी नाहीसे झाले. दाट सावलीत राहणारे बरेच पक्षी उघड्या पाण्यावरून उडून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे बेटावरची संख्या घटली की भर घालायला बाहेरून कोणी येत नाही. रुंद रस्ता पुष्कळ जिवांसाठी तसंच पाणी असतो.

टाळता येणारच नसेल तर निदान कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानासारखी सोय करा. तिथे महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, खालून भुयारं आहेत आणि वरून झाडाझुडपांनी झाकलेले रुंद पूल. वन्यप्राण्यांना वाहनांची धडक बसण्याचे प्रकार ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. ग्रिझली अस्वलांना त्या पुलांचा भरवसा वाटायला मात्र काही वर्षं जावी लागली. आता माद्या पिल्लांना घेऊन त्यावरून जातात.