पावसाच्या २ मिमी थेंबासाठी हवेचा रोध वेगाच्या प्रमाणात धरायचा की वेगाच्या वर्गाच्या? आणि एक्सेलमध्ये १ सेकंदाच्या टप्प्याने वेग उणे का येतो?

वर्गाच्या प्रमाणात धरा, आणि टप्पा ०.०१ सेकंदावर आणा. उणे वेग हा केवळ मोठ्या टप्प्याचा दोष आहे. या थेंबाचा रेनॉल्ड्स अंक (हवेच्या चिकटपणाच्या तुलनेत जडत्वाचा प्रभाव किती, हे सांगणारा आकडा) ८००–९०० च्या घरात जातो. स्टोक्सचा नियम (रोध वेगाच्या प्रमाणात) हा अंक १ पेक्षा बराच कमी असतानाच चालतो. तो इथे लावला तर अंतिम वेग (रोध वजनाइतका झाल्यावर स्थिर राहणारा वेग) सेकंदाला सुमारे १२० मीटर निघतो, म्हणजे पावसात छत्रीच फाटायची! रोध गुणांक (आकारानुसार हवेचा रोध किती, हे सांगणारा आकडा) ०.५ आणि हवेची घनता १.२ किग्रॅ/घमी घेतली की उत्तर ६.६ मी/से येतं, प्रत्यक्ष मोजमापाच्या अगदी जवळ.

मग प्रत्येक ओळीत:
त्वरण = ९.८ × (१ − (वेग ÷ ६.६)²) (९.८ हे गुरुत्व त्वरण, ६.६ हा अंतिम वेग)
नवा वेग = जुना वेग + त्वरण × टप्पा

१ सेकंदाचा टप्पा घेतला तर पहिल्याच ओळीत वेग ९.८ होतो, रोध वजनाच्या दुपटीहून जास्त भरतो आणि पुढच्या ओळीत −२ येतं. त्यात वर्ग केल्यावर वेगाचं चिन्हही हरवतं, म्हणून वर्गाऐवजी वेग × |वेग| (|वेग| म्हणजे चिन्ह सोडून वेग) लिहिलेलं बरं. पडताळा म्हणून २ सेकंदांनी वेग अंतिम वेगाच्या ९९ टक्क्यांवर दिसायला हवा. मात्र ०.५ हा गुणांक सगळ्या थेंबांना लागू नाही: धुक्याच्या ०.०२ मिमी कणाला स्टोक्सच बरोबर (सेकंदाला जेमतेम १.२ सेंमी), आणि ४–५ मिमीचे थेंब खालून चपटे होत असल्याने त्यांचा गुणांक वाढतो.