वस्तुनिष्ठतेच्या चर्चेला पहिल्यांदा बसताना

वेगवेगळ्या विषयांतली माणसं वस्तुनिष्ठतेवर बोलायला जमली असतील, तर व्याख्येपासून सुरुवात करू नकोस. भौतिकशास्त्रवाला मोजमापाबद्दल बोलतो, समाजशास्त्रवाली प्रश्न कुणी निवडला याबद्दल. तासभर घसे कोरडे, हाती काही नाही. (माझी पहिली दोन सत्रं अशीच वाया गेली.) त्यापेक्षा एखादं प्रकरण समोर ठेव. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ब्लाँदलो यांचे एन-किरण घे, १९०३ सालचे; नवे किरण सापडल्याचा त्यांचा दावा होता, पण असे किरण मुळात नव्हतेच. कित्येक शास्त्रज्ञांना ते चक्क 'दिसले'. १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ब्लाँदलो यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात उपकरणातला, ज्याच्याशिवाय मोजमाप व्हायलाच नको असा प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरी मोजमापं आपली पूर्वीसारखीच! लबाडी म्हणवत नाही. हवं ते दिसत होतं, इतकंच. मग गटाला विचार, चूक सापडली ती यंत्रामुळे की बाहेरच्या माणसामुळे? इथे इतिहासवालेही हमखास तोंड उघडतात.