शंखवटी रोज घेतली तर चालेल का?

प्रश्न : माझं वय ५८. चार घास जास्त झाले की पोट टम्म फुगतं, ढेकरा थांबत नाहीत. जाऊबाईंनी शंखवटीची डबी दिली. दोन गोळ्यांनी बरं वाटतं, म्हणून आता दोन्ही वेळच्या जेवणानंतर घेते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. औषध आयुर्वेदिक आहे, तेव्हा कायम घेतलं तर चालेल ना?
— एक वाचक, विटा

उत्तर : कायम नको. गोळी वाईट नाही, मीही ती देते. पण थोडे दिवस, आणि रुग्ण बघून. शंखवटीत शंखभस्म, चिंचेचा क्षार, हिंग आणि त्रिकटूबरोबर (सुंठ, मिरी, पिंपळी) पाच प्रकारची लवणं, म्हणजे मिठं असतात. रक्तदाब असताना लोणचं-पापड बंद करायचं आणि लवणाची गोळी रोज घ्यायची, याला काय अर्थ आहे? शिवाय ग्रंथातल्या मूळ कृतीत शुद्ध पारा, गंधक आणि बचनाग ही विषारी मुळी (शुद्ध करून) आहेत. अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. भिंग लावून वाचा, सापडेल. माझ्याकडे पोटाची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. ‘घरचंच आहे हो’ म्हणून बाजूला ठेवलेली डबी नेमकी त्यातच असते!

तुम्हाला जळजळ, आंबट पाणी असा त्रास नसेल, नुसतं जड वाटून फुगत असेल, तर हिंग्वाष्टक चूर्ण पुरेल. त्यात आठ जिन्नस : सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं, हिंग. याच्याही गोळ्या मिळतात, पण मी चूर्णच घ्यायला सांगते. पहिल्या घासाला गरम भातावर पाव चमचा चूर्ण, वर साजूक तूप, नीट कालवून चावून खायचं. हिंग-मिरीची चव जिभेला लागली पाहिजे. गोळी पाण्याबरोबर सरळ खाली जाते. यातही सैंधव आहे, म्हणून मात्रा पाव चमचाच, तीही आठ-दहा दिवस. जळजळ असेल तर हे घेऊ नका, वाढेल.

आणि जेवण किती वाजता होतं, ते तुम्ही लिहिलंच नाही. रात्री मालिका संपल्यावर साडेदहाला भाकरी-पिठलं आणि लगेच अंथरूण असं असेल, तर मी कुठलंही चूर्ण दिलं तरी फुगणारच. आठला जेवा. चार वाजताचा चहा-फरसाण पंधरा दिवस सोडून बघा.

पोट फुगणं नव्यानं सुरू झालं असेल आणि वजन उतरत असेल, घास अडकत असेल, उलट्या होत असतील किंवा शौचाला काळं होत असेल, तर चूर्ण-गोळ्यांत वेळ न घालवता डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या. जिना चढताना छातीत दाटून येतं, घाम फुटतो आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर त्याला गॅस समजू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा. बसल्या जागी तसं झालं आणि थांबलं नाही, तर सरळ दवाखाना गाठा.