लक्ष्मीविलास : चौपट-बिपट सोडा, फरशी बघा

आईला घेऊन एका दिवसासाठी बडोद्याला जाताय आणि विचारताय की लक्ष्मीविलास पॅलेस बघण्यासारखा आहे का, की नुसताच अवाढव्य. वर दोघातिघांनी हा वाडा लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या 'चौपट' मोठा असल्याचं लिहिलंय. खरं सांगू? पहिल्या खेपेला मीही तेच डोक्यात घेऊन मान वर करून हिंडलो आणि काहीही न बघता बाहेर आलो.

आत शिरायची घाई करू नका. आधी दगड बघा. आग्र्याचा लाल वालुकाश्म लगेच ओळखू येतो. निळसर काळा बेसाल्ट आपल्या पुण्याकडचा. वर घुमट, छत्र्या, जाळ्या, गॉथिक कमानी असं सगळंच आहे. लोक खिचडी म्हणतात, आणि बाहेरून बघताना मलाही ते पटतं. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधणाराच. आपलं गणित चुकलंय, इमारत कोसळणार, या धास्तीने त्याने जीव दिला अशी दंतकथा तिथे हमखास ऐकवतात. तो 1881 मध्ये गेला एवढं खरं. पुढचं काम रॉबर्ट चिझमने हाती घेतलं आणि 1890 मध्ये वाडा पुरा झाला. काम निघालं तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड अजून अल्पवयीन होते, मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक येऊन फार वर्षं झाली नव्हती.

खरा वेळ दरबार हॉलला द्या. जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेकची. एका जागी थांबून वाका: दगडाचे बारीक तुकडे, पण नक्षीची वळणं कुठे अडखळत नाहीत. बेल्जियमच्या रंगीत काचांतून ऊन उतरलं की त्याच फरशीवर दुसरी नक्षी पडते. मग वर बघा, राजघराण्यातल्या बायकांसाठी केलेले कोरीव झरोके. बाहेरून खटकणारी खिचडी इथे मला कधीच खटकली नाही. इटालियन शिल्पकार फेलिची याचे पुतळेही बघून घ्या.

रविवर्म्याची बरीचशी चित्रं मात्र आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात आहेत, तिकीट वेगळं. ही इमारत पूर्वी राजपुत्रांची शाळा होती. आईंचे गुडघे दुखत असतील तर आधी तिथे जा, पाय ताजे असताना. आणि सोमवार टाळा, बंद असतं.