वहीतला शेरा मुलांच्या कामी कसा येईल?

प्रश्न : मी सातवीला मराठी शिकवते. वर्गात ४८ मुलं आहेत. निबंधातली प्रत्येक चूक लाल शाईने दुरुस्त करते, खाली गुण देते, शेराही लिहिते. तरी पुढच्या निबंधात पुन्हा त्याच चुका. काय करावं? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आधी गुण थांबवा. वही हातात पडली की मुलं गुण बघतात, शेजारच्याचे विचारतात आणि वही मिटतात. शेरा वाचायचा राहूनच जातो. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच प्रश्नावर होता. ज्या मुलांना नुसता शेरा मिळाला, त्यांचं पुढचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांचं सुधारलं नाही. म्हणून पहिल्या खर्ड्यावर फक्त शेरा द्या. गुण द्यायचे ते सुधारून लिहिलेल्या निबंधाला.

दुसरं, चूक तुम्ही दुरुस्त करू नका. समजा मुलाने लिहिलंय, ‘मी आणी माझी बहिण नदि वर गेलो.’ या ओळीशेजारी समासात नुसता ‘४’ लिहा. चार चुका त्याने शोधायच्या. मराठी शब्दाच्या शेवटी इकार दीर्घ, म्हणून ‘नदी’. ‘आणि’ मात्र अपवाद. ‘बहीण’ दीर्घ, पण ‘बहिणीला’ ऱ्हस्व. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय, म्हणून ‘नदीवर’ जोडून. नियम फळ्यावर असू द्या, शोधाशोध त्याची त्याला करू द्या. इथे कळावं म्हणून चारही चुका धरल्या; प्रत्यक्षात एका निबंधात एक-दोन नियमच धरा आणि आकडा तेवढ्याच चुकांचा लिहा. पानभर लाल खुणा दिसल्या की कुठून सुरुवात करावी हेच मुलाला कळत नाही.

आशयाबद्दलचा शेराही नेमका हवा. ‘छान’, ‘वर्णन वाढवा’ यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा : ‘आजीने कोंबड्या माळ्यावर नेल्या, हे वाचताना पूर डोळ्यांसमोर आला. पाणी घरात कुठवर चढलं होतं? तिसऱ्या परिच्छेदात दोन वाक्यं घाल.’ काय साधलं, काय कळलं नाही आणि काय करायचं, तिन्ही त्यात आलं. ‘तू हुशार आहेस’ हे कौतुक टाळलेलं बरं, कारण लक्ष कामावरून स्वतःवर जातं.

वह्या परत दिल्यावर त्याच तासाला १५ मिनिटं दुरुस्तीसाठी ठेवा. हे जमणार नसेल, तर शेरे लिहिण्यात वेळ घालवूच नका, इतकं ते महत्त्वाचं आहे. आणि ४८ जणांना दरवेळी सविस्तर शेरा शक्य नाही; एका खेपेला १२ वह्या घ्या, बाकीच्यांना समासातले आकडे पुरेत. चार निबंधांत सगळ्यांची पाळी येते.

प्रश्न : बाईंचा शेरा वाचला की माझी मुलगी रडवेली होते, वही उघडतच नाही. – एक पालक, डोंबिवली

उत्तर : त्या संध्याकाळी वहीचा विषय नको. दुसऱ्या दिवशी तिला एवढंच विचारा, ‘बाईंनी काय करायला सांगितलंय?’ तिने ते स्वतःच्या शब्दांत सांगावं. पुष्कळदा ‘मला येतच नाही’ असं उत्तर येतं. मग शेरा पुन्हा वाचून ओळ नेमकी कोणती, ते बोटाने दाखवायला सांगा. त्यातली एकच सुधारणा निवडून तेवढीच ओळ पुन्हा लिहायची. शेरा मोघम असेल, तर तिने बाईंना विचारावं, ‘बाई, कुठल्या परिच्छेदाबद्दल म्हणताय?’ हे वाक्य घरी एकदा म्हणून घ्या, वर्गात धीर होतो. तिच्यादेखत बाईंची बाजूही घेऊ नका आणि उणीदुणीही काढू नका. दोन्हींमुळे बोलणं निबंधावरून बाईंवर जातं.