"खोटं आहे ते, झोप" म्हणून भीती जात नाही

मी मुलांची समुपदेशक. पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "मॅडम, पोरगं मोबाईलवर दिसेल ते खरं धरून बसतंय. खरं काय, खोटं काय, हे त्याला शिकवायचं कसं?" पहिली ते चौथीतल्या मुलांच्या घरून तर हा हमखास येतो. माझं उत्तर बऱ्याच जणांना रुचत नाही. खरं-खोटं जरा बाजूला ठेवा, असं मी म्हणते. समोर आहे ते हातानं काढलेलं चित्र आहे की कॅमेऱ्यानं टिपलेला फोटो, कार्टून आहे की खरा व्हिडिओ, बातमी आहे की जाहिरात, आधी एवढं ओळखता येऊ द्या. असं का म्हणते ते एका मुलीच्या निमित्तानं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी तिसरीतली, घर कोल्हापुरात दुधाळीच्या बाजूला. जुलैचे दिवस, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे निघालेली. पोरीनं रात्री झोपणं सोडलं होतं. दप्तरातली पुस्तकं काढून त्यात दोन फ्रॉक, टॉर्च आणि देवघरातली अंबाबाईची तसबीर भरून ठेवायची. शाळेत जायला नको म्हणायची, कारण ती शाळेत असताना पाणी आलं तर आजीला कोण उचलणार? आईचं म्हणणं, "सगळं त्या मोबाईलनं केलंय." वडिलांचं म्हणणं, "हिला मी शंभरदा सांगितलं, खोटं हाय ते, झोप."

तिनं नेमकं काय पाहिलं होतं ते घरात कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांचा मोबाईल घेऊन आम्ही दोघींनी शोधलं, तर तीन गोष्टी निघाल्या. एक फोटो: शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, खाली लिहिलेलं, 'आत्ताची परिस्थिती'. फोटो खरा, पण 2019 च्या ऑगस्टमधला. दुसरा, बातम्यांतला एक तुकडा: धरणाची भिंत फुटून पाण्याचा लोंढा गावावर जातो असं संगणकावर बनवलेलं हलतं चित्र, आणि मागून निवेदक जोरजोरात 'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले' असं सांगतोय. तिसरा, घरच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ: अंबाबाईच्या देवळाच्या शिखराला पाणी टेकलंय. हा एआयनं बनवलेला.

आता या तिन्हींना मिळून 'खोटं' म्हणायचं? पोरीनंच मला अडवलं. "पप्पा म्हणाले सगळं खोटं हाय. पण मी बघितलो की. पप्पांच्या मोबाईलमध्ये आमच्याच घराचा फोटो हाय. खिडकीपर्यंत पाणी हाय." तो फोटोही 2019 चाच. ती तेव्हा दोन वर्षांची होती, घरच्यांनी तिला पाहुण्यांकडे नेऊन ठेवलं होतं. त्या वर्षी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 43 ची. पूर खरा, घर खरं, फोटो खरा. मग पप्पा खोटं का बोलले? तिची झोप इथे उडाली होती. तिची अडचण मोबाईलची नव्हतीच. तिला घरातल्या माणसाच्या शब्दाचा भरवसा उरला नव्हता.

वय लक्षात घ्यायला हवं. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये लहान मुलांना टीव्हीवर पॉपकॉर्नचा वाडगा दाखवून विचारलं होतं, टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील का? तीन वर्षांची बरीच मुलं 'हो' म्हणाली, चार वर्षांची बहुतेक 'नाही'. म्हणजे पडद्यावरची वस्तू पडद्यातच असते हे शाळेत जाण्याआधीच कळतं. पण पडद्यावरच्या गोष्टींना मुलं का घाबरतात याचा अभ्यास करणाऱ्या जोआन कँटर यांच्या कामातून दिसतं की लहानग्यांना जे दिसायला भयंकर ते घाबरवतं, आणि सात-आठ वर्षांपुढे जे आपल्याबाबत खरंच घडू शकेल ते जास्त घाबरवतं. तिसरीतलं मूल भुताच्या कार्टूनला हसेल आणि पुराच्या बातमीनं रात्रभर जागं राहील. ते मंद नाही की हट्टी नाही. ते मोठं होतंय.

आम्ही जमिनीवर सतरंजी टाकून सगळं पसरलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतलं देवीचं रंगीत चित्र, लग्नाचा फोटो, वर्तमानपत्रातली दुधाची जाहिरात, पाठ्यपुस्तकातला जिल्ह्याचा नकाशा, एक कॉमिक, आणि मोबाईल. तिला म्हटलं, खरं-खोटं सांगायचं नाही, नुसते ढीग कर. हातानं काढलेलं इकडे, कॅमेऱ्यानं घेतलेलं तिकडे. जाहिरातीशी ती अडली. "ह्यात फोटो पण हाय, आणि गाय हसायला लागलीया." मग तिनंच तिसरा ढीग केला, दोन्ही मिसळलेलं. नकाशा हातात घेऊन मात्र तिनं एक फार नेमका प्रश्न विचारला: "हे तर काढलंय. पण पंचगंगा हितंच हाय नव्हं?" काढलेलं असूनही खरं, आणि कॅमेऱ्यातलं असूनही आजचं नाही. मोठ्या माणसांना जे सांगताना माझा घसा कोरडा पडतो, ते तिला एका नकाशानं दिसलं.

मग ढिगातलं एकेक उचलून प्रश्न विचारायचे. हे कुणी केलं? कशानं केलं? कधीचं, कुठलं? आणि हे बघून आपण काय करावं असं त्याला वाटतंय? शेवटचा प्रश्न जाहिरातीला फार लागू पडतो. नवीन खेळणं उघडून दाखवणारा यूट्यूबवरचा दादा ते विकायला बसलाय, हे या वयाला आपणहून कळत नाही, विचारावं लागतं.

वडिलांना घरचा अभ्यास दिला होता: पोरीला घेऊन चौकात जा आणि वाढदिवसाचा डिजिटल फलक बघा. कोल्हापुरात त्याची टंचाई नाही. वाघ, त्याच्यापुढे साहेब, मागे सूर्य, खाली तालमीच्या पोरांचे चेहरे एका ओळीत. ती परत आली ती खूश होऊन. "सगळ्यांची डोकी कापून चिकटवल्यात! एकाच्या मानेला मागची भिंत पण आलीया." छायाचित्रं जोडून नवं चित्र करता येतं, हे समजवायला याहून स्वस्त साधन मला अजून सापडलेलं नाही.

हलत्या चित्राचं कोडं वहीच्या कोपऱ्यात सुटलं. पानापानावर थोडं थोडं बदललेलं चित्र काढायचं आणि अंगठ्यानं भरभर पानं सोडायची. सिनेमात असेच सेकंदाला 24 फोटो डोळ्यांपुढून जातात, हे सांगितल्यावर तिनं मोजायचा प्रयत्नही केला. मला वाटलं होतं ती बेडकाची उडी काढेल. तिनं घर काढलं आणि पानागणिक चढणारं पाणी. खिडकीपर्यंत आल्यावर थांबली, मग वही मागून पुढे सोडून बघितली. पाणी उतरलं. तसं तिनं पुन्हा पुन्हा केलं. मी काही बोलले नाही, कारण अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवलेलं बरं.

वडिलांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. त्यांना मी बाबूराव पेंटरांची आठवण दिली. याच गावात नाटकाचे पडदे रंगवणारा, पोस्टरं हातानं काढणारा आणि स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार करणारा हा माणूस. 1920 साली त्यांच्या 'सैरंध्री'त भीमानं कीचकाचं मुंडकं उडवलं, ते बघून थिएटरात मोठी माणसं किंचाळली आणि सेन्सॉरनं ते दृश्य काढायला लावलं. माध्यम नवं असलं की मिशीवाल्यांचीही हीच गत होते, पोर तर आठ वर्षांचं.

मग त्या तीन गोष्टींकडे परतलो. शिरोलीचा फोटो तिनं 'कॅमेऱ्याचा, पण जुना' या ढिगात टाकला. धरणाच्या हलत्या चित्राबद्दल वडिलांनी तिला खरं ते सांगितलं: राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की ते आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटतं, पातळी उतरली की बंद होतात. दरवाजा उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे, धरण शाबूत राहावं म्हणूनच तो उघडतो. त्यानं नदी वाढते हेही त्यांनी लपवलं नाही. तिसऱ्या व्हिडिओचा निकाल आजीनं लावला. "शिकराला पानी लागलं असतं तर आख्खं कोल्हापूर ऱ्हायलं असतं व्हय गं? एकोणीसला बी न्हाई लागलं." एआयचा व्हिडिओ ओळखायला बोटं मोजा, पाट्यांवरची अक्षरं बघा, असं हल्ली शिकवतात. मुलांना ते शिकवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही, त्या चुका दर काही महिन्यांनी कमी होत जातात. हे कुणी पाठवलं, त्याला कुठून मिळालं, जागा माहीत असलेल्या माणसाला पटतंय का, हे विचारणं जास्त दिवस टिकतं.

मोबाईल बंद करायचा का, हा वडिलांचा शेवटचा प्रश्न होता. मी नाही म्हटलं. पावसाचे दिवस संपेपर्यंत पुराचे व्हिडिओ मोठ्या आवाजात घरात लावायचे नाहीत, तिला बघायचंच असेल तर कुणीतरी शेजारी बसायचं, आणि संध्याकाळी एकदा प्रशासनानं दिलेली पाणीपातळी दोघांनी मिळून वाचायची, इतकंच. पाणी 43 वर गेलं तर कुठे जायचं, आजीला कोण उचलणार, हेही तिच्यासमोर ठरवून टाकायला सांगितलं. आजीचं काम वडिलांनी घेतलं. पुढच्या आठवड्यात ती शाळेत जाऊ लागली.

सगळ्याच मुलांचं एवढ्यावर भागत नाही. चित्रांचे प्रकार ओळखता येऊनही झोप दोन-तीन आठवडे परत आली नाही, रोज सकाळी पोट दुखायला लागलं, आईला क्षणभर सोडेना, किंवा मुलानं स्वतः पुरात अडकण्याचा अनुभव घेतला असेल, तर माध्यमांचा अभ्यास थांबवा आणि सरळ बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.