भाषाजिज्ञासा : बांटू वळणाची भाषा रचताना

प्रश्न : एका कल्पित बेटावरील लोकांसाठी मी भाषा रचत आहे आणि तिचे वळण आफ्रिकेतील बांटू भाषांसारखे असावे, अशी माझी इच्छा आहे. माणसे, प्राणी, झाडे, द्रव पदार्थ, हत्यारे असे नामांचे 10 वर्ग करून प्रत्येकाला एक उपसर्ग दिला आहे. शब्दांची धाटणी स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतील बांटू भाषेची ठेवली आहे. तरीही भाषा बनावट वाटते. काय चुकत असावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण उपसर्ग नामाला लावला आणि तेथेच थांबलात, असे आपण पाठवलेल्या नमुना-वाक्यांवरून दिसते. बांटू भाषांत नामाचा वर्ग विशेषणापर्यंत, संख्येपर्यंत आणि क्रियापदापर्यंत पोचतो. स्वाहिलीत 'किसू किमोजा किनातोशा' म्हणजे 'एक सुरी पुरते', आणि 'विसू विविली विनातोशा' म्हणजे 'दोन सुऱ्या पुरतात'. एकवचनातील 'कि' अनेकवचनात 'वि' झाला, की वाक्यातील प्रत्येक शब्द त्याच्यामागून बदलतो. मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण 'मोठा दगड पडला', 'मोठी फांदी पडली', 'मोठे फळ पडले' असा मेळ आपण दिवसभर घालत असतो. फरक एवढाच, की आपला मेळ शब्दाच्या शेवटी दिसतो आणि त्यांचा आरंभी.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. आपले वर्ग फार तर्कशुद्ध आहेत. 1668 मध्ये जॉन विल्किन्स या इंग्रज विद्वानाने सगळ्या सृष्टीची वर्गवारी करून तिच्यावर एक भाषा उभारली होती. आपला तक्ता तिच्या जवळ जातो, स्वाहिलीच्या नव्हे. स्वाहिलीत ज्या वर्गात झाड (म्ती) आहे, त्याच वर्गात हात (म्कोनो), पाव (म्काते) आणि वर्ष (म्वाका) हेही आहेत. पाणघोडा (किबोको) आणि गेंडा (किफारू) यांच्या नामांना सुरीच्या वर्गाचा 'कि' आहे, पण ते सजीव असल्यामुळे त्यांची विशेषणे आणि क्रियापदे माणसांच्या वर्गाचे उपसर्ग घेतात. 'टेबल' नपुंसकलिंगी आणि 'खुर्ची' स्त्रीलिंगी का, याला मराठीत जसे तर्काचे उत्तर नाही, तसेच हे आहे, आणि असा गाळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातूनच साचतो. तेव्हा आपल्या 10 वर्गांपैकी दोन-तीन वर्ग एकमेकांत मिसळू द्या, आणि काही शब्द चुकीच्या घरात राहू द्या.

मात्र त्या गाळातही अर्थाचे प्रवाह असतात, आणि मला स्वतःला या विषयात सर्वाधिक आनंद त्यांनीच दिला आहे. 'म्लिमा' म्हणजे डोंगर. त्याच धातूला 'कि' लावला की 'किलिमा', म्हणजे टेकडी. वर्ग बदलून वस्तू लहान करण्याची ही युक्ती आपल्याकडे लिंगबदलाने साधते : गाडा-गाडी, डबा-डबी, सुरा-सुरी. 'म्तोतो' म्हणजे मूल, 'वातोतो' म्हणजे मुले, 'उतोतो' म्हणजे बालपण. नवे शब्दही याच यंत्रात घातले जातात : अरबी 'किताब' स्वाहिलीत 'किताबू' झाला, त्यातील 'कि' हा उपसर्गच आहे असे बोलणाऱ्यांनी धरले आणि अनेकवचन 'विताबू' केले, आपल्याकडून तिकडे गेलेल्या 'गाडी'चे 'गारी' झाले आणि अनेक गाड्यांना 'मागारी' म्हणू लागले. आपल्या बेटावर बाहेरून आलेले चार शब्द कोणत्या वर्गात पडतील आणि का, हे ठरवून पाहा. तेवढ्यानेही भाषेत माणसे वावरल्यासारखी वाटू लागतील.

शब्दांविषयी एक सूचना करतो. स्वाहिलीची धाटणी उचलू नका, कुळाची रीत घ्या. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या या कुळात सुमारे 500 भाषा आहेत, आणि 'माणूस' हा एकच शब्द त्यांत कसा बदलतो पाहा : झुलूत 'उमुन्तु-अबान्तु', शोनात 'मुन्हु-वान्हु', स्वाहिलीत 'म्तू-वातू', लिंगालात 'मोतो-बातो'. यातील 'बान्तु' या अनेकवचनावरूनच विल्हेल्म ब्लेक या भाषाभ्यासकाने 19व्या शतकात कुळाला नाव दिले. आपणही आधी एक पूर्वज भाषा रचा, उच्चारबदलाचे आठ-दहा नियम ठरवा, आणि त्यांतून आजची भाषा उतरवा. इंग्रज कादंबरीकार टोल्किन यांनी आपल्या कथांसाठी रचलेल्या भाषांपैकी क्वेन्या फिनिश भाषेच्या आणि सिंदारिन वेल्श भाषेच्या प्रेमातून घडवली, पण दोन्ही भाषा एकाच कल्पित पूर्वजापासून नियमांनी उतरवल्या, म्हणूनच त्या बहिणी वाटतात. आणखी एक : बहुतेक बांटू भाषांत आवाजाच्या चढ-उताराने अर्थ बदलतो, स्वाहिलीत बदलत नाही, म्हणजे केवळ स्वाहिली समोर ठेवली तर कुळाचे एक मोठे वैशिष्ट्यच निसटते. झुलूतील जिभेचे टकटक उच्चार मात्र मूळचे बांटू नाहीत, ते शेजारच्या खोइसान भाषांतून आले. ते घ्यायचे तर बेटाला तसे शेजारी द्यावे लागतील.

प्रश्न : आफ्रिकी भाषांवरून कोणी प्रत्यक्ष वापरासाठी भाषा रचली आहे काय?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : होय. घानाच्या के. ए. कुमी अत्तोब्रा यांनी 1970 मध्ये 'आफ्रिहिली' प्रसिद्ध केली. आफ्रिकेतील लोकांना परस्परांशी बोलण्यासाठी परकीय सत्तेची भाषा लागू नये, हा त्यांचा हेतू होता, आणि मला तो आजही आदरणीय वाटतो. शब्द अनेक आफ्रिकी भाषांतून घेतलेले असून नाम स्वराने सुरू होऊन स्वरानेच संपते. अनेकवचनासाठी पहिला आणि शेवटचा स्वर अदलाबदल करतात : 'एमेली' म्हणजे जहाज, 'इमेले' म्हणजे जहाजे. ही युक्ती सुबक आहे, पण बांटू वर्गांचा मेळ तिच्यात नाही. भाषेला आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत 'एएफएच' हे चिन्ह मिळाले, तरी तिला बोलणारा समाज लाभला नाही.

लिंगालाची गोष्ट याच्या उलट आहे. काँगो नदीवर व्यापाराच्या आणि वसाहतीच्या गरजेतून वाढलेल्या एका सोप्या बोलीला 20व्या शतकाच्या आरंभी एजिद द बूक या बेल्जियन मिशनऱ्याने व्याकरण लिहून अधिक 'बांटू' करू पाहिले, आणि नाहीसे झालेले वर्गांचे मेळ तिच्यात परत घातले. पुस्तकांत आणि चर्चमध्ये ते मेळ टिकले. किन्शासाच्या रस्त्यांवर मात्र लोकांनी त्यांतील बहुतेक सोडून दिले, आणि सजीव कर्त्यासाठी 'आ', निर्जीवासाठी 'ए' एवढाच भेद क्रियापदावर ठेवला.